दोनशेवर थांबलेली नाडी

१

माझी बायको विशाला गेल्याच्या एकविसाव्या दिवशी देचम्मा कंपनीच्या चौकशीचा अहवाल घेऊन घरी आली. तेराव्याला आलेली माणसं परत गेली होती आणि मी स्वयंपाकघरात उप्पिट करपवत होतो. तिने आधी गॅस बंद केला, मग बसली.

देचम्मा कोडगूची. चौदा रुग्णालयांचे संगणक एकमेकांना जोडणारी आमची कंपनी बेंगळुरूत आहे. तिथलं सेवा-गुणवत्तेचं खातं ती सांभाळते. पाच वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीवर मी होतो आणि ती माझ्या हाताखाली होती. काम समजायला सोपं आहे. रक्ताचे अहवाल, औषधांच्या मागण्या, घरी सोडायचे कागद, जेवणाच्या याद्या, असे लाखो संदेश रोज एकाच वाटेने जातात. कुणी आधी जायचं, कुणी थांबायचं हे ठरवायचं, आणि ठरवल्याप्रमाणे होतंय का हे बघत राहायचं. मी सव्वीस वर्षं तेच केलं.

अहवाल सहा पानांचा होता. विशालाची किडनी दोन वर्षांपासून कमी काम करत होती. त्या सोमवारी सकाळी वॉर्डात तिचं रक्त घेतलं. पोटॅशियम फार वाढलेलं निघालं. प्रयोगशाळेने दहा वाजून बारा मिनिटांनी 'तातडीचा धोका' असा शिक्का मारून अहवाल पाठवला. डॉक्टरांना तो मिळाला दहा एकोणसाठला. तिचं हृदय दहा एक्कावन्नला थांबलं होतं. वेळेत कळलं असतं तर एका इंजेक्शनचं काम होतं. हे डॉक्टरांनीच मला सांगितलं, जमिनीकडे बघत.

अहवालाचा निष्कर्ष शेवटच्या पानावर होता. ड्युटीवरचा ऑपरेटर मुनिराजू याला प्रयोगशाळेतून दोन फोन आले, त्याने काहीच केलं नाही. नोकरीवरून काढावं, पोलिसांत तक्रार द्यावी. खाली नातेवाइकाच्या सहीसाठी रेघ मारलेली होती. माझी सही झाली की दुसऱ्या दिवशी तक्रार जाणार होती.

"सही करा सर," देचम्मा म्हणाली. "संपवून टाका. किती दिवस डोक्यात ठेवणार?"

मी ती सहा पानं पुन्हा वाचली. मला दुसरं काही कामही नव्हतं. विशाला रोज रात्री दहा चाळीसला झोपेची गोळी घ्यायची आणि पहाटे पाच वीसला उठून दारात रांगोळी घालायची. अकरा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनपासून हे घड्याळ कधी चुकलं नाही. ती गेली तरी माझे डोळे पाच वीसलाच उघडतात, आणि नंतर दिवस फार मोठा असतो.

दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एक गोष्ट या पानांत नाही.

"अलार्म किती वाजता झाला?" मी विचारलं.

देचम्माने पानं उलटली. अलार्मची नोंद नव्हती.

वाट तीन मिनिटं तुंबली तरी ऑपरेटरच्या खोलीत भोंगा वाजतो. इथे सत्तेचाळीस मिनिटं रांग तुंबली होती.

"भोंगा बिघडला होता?"

"नाही सर. दुसऱ्याच दिवशी मी स्वतः तपासला. चांगला वाजतो."

मी सही केली नाही. तीन दिवस मागून घेतले.

२

मुनिराजू लग्गेरेला एका खोलीत राहत होता. मालूरकडचा, तिशीतला, लग्न व्हायचं होतं. मला दारात बघून त्याने आधी चपला आत घेतल्या, जणू मी त्याला कुठेतरी घेऊन जाणार होतो. मग स्टूल पुसलं आणि स्वतः उभाच राहिला.

मी विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं. फोन दोन्ही आले होते. पहिला दहा एकवीसला, दुसरा दहा सदतीसला. प्रयोगशाळेतली फिलोमिना बाई म्हणत होती की अहवाल पाठवलाय पण कुणी उघडलेला दिसत नाही. त्याने दोन्ही वेळा बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड हिरवा होता. तुमच्या बाजूला काहीतरी असेल, असं त्याने तिला सांगितलं.

"नाडी किती होती?" मी विचारलं.

नाडी हा आमच्यातला शब्द. दर अर्ध्या मिनिटाला एक रिकामा संदेश या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत येतो. त्याला किती वेळ लागला ते बोर्डावर दिसतं. वाट मोकळी असेल तर सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे दोनशे मिलिसेकंद. गर्दी वाढली की आकडा चढतो, आणि फार चढला की भोंगा वाजतो. भोंगा वाजतो तो नाडीवरून, बाकी कशावरून नाही.

"दोनशे," तो म्हणाला. "पूर्ण वेळ दोनशे, सर."

मला राग आला. सोमवारी सकाळी चौदा रुग्णालयं एकदम जागी होतात. त्या वेळी दोनशे म्हणजे दसऱ्याच्या दिवशी मैसूरचा रस्ता रिकामा होता असं सांगण्यासारखं. मी त्याला तसं तोंडावर म्हणालो. शिवाय हेही म्हणालो, की खोटं बोलायचंच तर जरा पटेल असं बोल.

त्याने वाद घातला नाही. पत्र्याच्या पेटीतून चार कागद काढले. दर पाव तासाला नाडी हाताने वहीत लिहायची पद्धत मीच सुरू केली होती, मशीनच्या नोंदी पुसल्या गेल्या तर असाव्यात म्हणून. पोरं तिला 'म्हाताऱ्याची वही' म्हणायची, हे मला माहीत होतं. त्याने त्या दिवसाच्या पानांची झेरॉक्स काढून ठेवली होती.

दहा वाजता १९९. सव्वादहाला २०१. साडेदहाला २००. पावणेअकराला २००. अकराला १९८.

नंतर भरलेत का, हे मी आधी पाहिलं. साडेदहाच्या ओळीशेजारी फेरीवर आलेल्या पर्यवेक्षकाची सही होती, आणि ती सही खालच्या ओळीतही उतरली होती. पावणेअकराचा आकडा त्या सहीला वळसा घालून लिहिलेला होता. म्हणजे आकडे जागच्या जागी, वेळच्या वेळी पडले होते. मुनिराजू खोटं बोलत नव्हता.

अहवाल सत्तेचाळीस मिनिटं अडकला हेही खरं, आणि नाडी दोनशे होती हेही खरं.

दोन्ही खरं असायला एकच मार्ग उरत होता. नाडी त्या रांगेत उभीच नव्हती. कुणीतरी तिला वेगळ्या दाराने सोडत होतं.

३

फिलोमिना मंगळुरूची, प्रयोगशाळेत बावीस वर्षं. ती माझ्याशी बोलताना नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली. पूर्वी असा आकडा आला की ती थेट वॉर्डात फोन करायची. मग कंपनीने सांगितलं की फोनची नोंद राहत नाही, संदेशच पाठवा. तरी तिने त्या दिवशी वॉर्डाला फोन लावला होता. कुणी उचलला नाही.

"माझ्या पडद्यावर 'गेला' असं होतं, सर," ती म्हणाली. "गेला म्हणजे पोचला नाही, हे मला कळत होतं. पण साठ नळ्या समोर होत्या. तिसरा फोन मी केला नाही. हे तुम्ही लिहून घेतलंत तरी चालेल."

मी लिहून घेतलं नाही.

वाट कुणी अडवली हे कळायला वेळ लागला नाही. विमा आणि डिस्चार्जच्या खात्यात रुद्रेश नावाचा माणूस आहे, दावणगेरेचा, जाडा आणि मोकळ्या तोंडाचा. रविवारी साचलेले कागद सोमवारी दहाला एकदम पाठवायची त्यांची पद्धत. त्या दिवशी तीन हजार आठशे होते. सगळे पहिल्या वर्गात.

आमच्याकडे चार वर्ग होते. पहिला फक्त जिवाच्या धोक्याचा. तो मी आखला तेव्हा त्यात दोनच प्रकारचे संदेश होते, धोक्याचे रक्त-अहवाल आणि रक्तपेढीची मागणी.

"डिस्चार्जचे कागद पहिल्या वर्गात कसे?" मी विचारलं.

"आता सगळंच पहिल्या वर्गात आहे, सर. औषधं गेली, मग एक्स-रे गेले. आम्ही मागे का राहायचं? गेल्या वर्षी जेवणाची यादीपण गेली. डायबेटिसवाल्याला गोड गेलं तर जिवाला धोकाच ना." तो हसला. "दुसऱ्या वर्गात आता कुणी नाही. पंखा लावून निवांत झोपा तिथे."

मग मी कोण हे त्याला आठवलं. त्याने टेबलावरची कॉफी माझ्याकडे सरकवली. विशालाचा अहवाल त्याच्या तीन हजार आठशे कागदांच्या मागे उभा होता, हे त्याला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्याने ओळखलं.

"परवानगी कुणी दिली?" मी विचारलं.

"देचम्मा मॅडमनी. लेखी आहे."

पहिल्या वर्गाच्या वर एक शून्य वर्ग असतो. त्यात माणसांचं काहीच जात नाही. मशीनं एकमेकांना 'मी जिवंत आहे' एवढंच त्यातून सांगतात. त्या वर्गाला हात लावायचा अधिकार एकाच खुर्चीला आहे. नाडी जर त्या वर्गात असेल, तर खाली कितीही रांग तुंबली तरी ती दोनशेवरच राहील. बोर्ड हिरवा राहील. आणि पहिला वर्ग भरमसाट वाटून टाकणाऱ्या माणसाला तेच सोयीचं होतं.

खुर्ची देचम्माची होती. ज्या माणसाने माझ्या घरी येऊन आधी गॅस बंद केला, त्याच्यावर संशय घ्यायची माझ्यावर वेळ आली होती.

४

मी तिला तिच्याच खोलीत, दार लोटून विचारलं. ती रागावली नाही. संगणकावर नियमांची यादी उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

नाडी शून्य वर्गात होती.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. तिचा चेहरा मी बारा वर्षं पाहिलाय. तिला हे माहीत नव्हतं.

"पहिला वर्ग मी वाटला," ती म्हणाली. "नाही म्हटलं की खातेप्रमुख संचालकांकडे जातात आणि तिथून हो होऊन येतं. तीनदा नाही म्हणून पाहिलं. चौथ्यांदा संचालक म्हणाले, मॅडम, बोर्ड तर हिरवा आहे, तुम्हाला अडचण काय? बोर्ड खरंच हिरवा होता, सर. मला वाटलं, झेपतंय."

तिचं म्हणणं मला पटलं. नाडी बाहेर उभी आहे हे माहीत असतं तर तिने संचालकांना तेच दाखवलं असतं. तिचं नाही म्हणणं टिकलं असतं. ज्याने नाडीला वर नेलं त्याने भोंगा तर बंद केलाच, शिवाय देचम्माचं तोंडही बंद केलं.

नियमापुढे नाव नव्हतं. चार वर्षांपूर्वी जुनी सिस्टिम काढून नवी बसवली तेव्हा अडीचशे नियम जसेच्या तसे उचलून आणले होते. सगळ्यांच्या पुढे एकच शब्द होता, 'स्थलांतर'. म्हणजे नियम त्याहून जुना. बहुधा देचम्मा खुर्चीवर बसली त्याच्याही आधीचा.

मला तेव्हाच थांबता आलं असतं. मुनिराजूला सोडवायला एवढं पुरलं असतं असं मला वाटत होतं. पण मला नाव हवं होतं. विशालाचा अहवाल सत्तेचाळीस मिनिटं थांबला आणि कुणालाच ऐकू आलं नाही, ही व्यवस्था कुणी केली ते मला जाणून घ्यायचं होतं. देचम्मा अहवाल घेऊन आली तेव्हापासून मी त्याच्यावरच जगत होतो.

जुन्या सिस्टिमची छापील यादी खालच्या मजल्यावर लोखंडी कपाटात होती. देचम्माने किल्ली आणली. दोनशे अकरावा नियम एकशे चाळिसाव्या पानावर सापडला. तिथेही नाव नव्हतं, पण नव्या सिस्टिममध्ये नसलेला एक रकाना होता. वेळेचा.

देचम्माने बोट ठेवून वाचलं. "नाडी शून्य वर्गात. वेळ, रात्री दहा चाळीस ते पहाटे पाच वीस. मुदत, एक महिना." तिने मान वर केली. "म्हणजे फक्त रात्रीपुरता होता. नव्यात वेळेचा रकाना नाही, म्हणून दिवसभर लागू झाला. मुदतही गळली. पण दहा चाळीस ही कसली वेळ, सर? पाळी तर दहाला बदलते."

मी तिच्या हातातून यादी घेतली आणि ती ओळ स्वतः वाचली. तिला पुन्हा विचारावं लागलं नाही.

५

अकरा वर्षांपूर्वी विशालाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तिची झोप गेली. डॉक्टरांनी गोळी दिली, दहा चाळीसला घ्यायला सांगितली. त्या काळी भोंगा वाजला की पाचव्या मिनिटाला माझ्या घरचा फोन वाजायचा. रात्री मशीनं दिवसभराच्या नोंदींच्या प्रती काढतात, वाट भरते, नाडी चढते, फोन वाजतो. बिघाड काही नसायचा. तेव्हा रुग्णालयं दोनच होती आणि रात्री प्रयोगशाळा बंद. अडकण्यासारखं वाटेवर काही नसायचंच.

फोन वाजला की ती दचकून उठायची आणि सकाळपर्यंत भिंतीकडे बघत पडायची. चार रात्री असं झालं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, त्याला सांगा ना, मी झोपलेय म्हणून."

मी ऑफिसात जाऊन दहा मिनिटांत नियम लिहिला. तिची गोळीची वेळ ते तिची उठायची वेळ. मुदत एक महिना. महिना संपला तेव्हा ती झोपायला लागली होती. मी मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली, आणि मग ते डोक्यातून गेलं. जुन्या सिस्टिममध्ये मुदत संपली की नियम आपोआप निघत नसे, फक्त एक आठवण यायची. ती आठवण मी बंद केली असणार. मला ते आठवतही नाही.

देचम्माला हे सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. ती रडली. मी नाही.

त्याच संध्याकाळी मी तीन पानं लिहिली. नियम माझा. भोंगा माझ्यामुळे वाजला नाही. ऑपरेटरने बोर्डावर विश्वास ठेवला, आणि बोर्डावर विश्वास ठेवा हे मीच त्या खोलीतल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. सही केली ती या पानांवर. कंपनीकडून पोच आली, ती मशीननेच पाठवलेली होती. तुमचा अर्ज चौथ्या वर्गात नोंदवला आहे, पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल.

सहाव्या दिवशी मुनिराजूला काढलं. पोलिसांत जाणार नाही या अटीवर त्याने चूक कबूल केल्याचं पत्र लिहून दिलं होतं. माझी पानं अजून कुणी उघडली नव्हती. देचम्मा दोनदा संचालकांकडे जाऊन आली. निवृत्त माणूस, नुकतीच बायको गेलेली, त्याच्या बोलण्यावर काय जायचं, असं तिला सांगण्यात आलं.

मी मालूरला गेलो. मुनिराजू बाजारात टोमॅटोचे क्रेट मोजत होता. मी त्याला सगळं सांगितलं, वेळांसकट. तो ऐकत होता आणि मधेच क्रेटवर खडूने खूण करत होता. मी म्हणालो की तुझी चूक नव्हती, मी कोर्टात येऊन सांगेन.

"कोर्ट कशाला, सर. मी लिहून दिलंय," तो म्हणाला. मग खडू खिशात ठेवला. "तुम्ही अम्मांना झोप लागावी म्हणून केलंत. ठीक आहे. पण त्या बाईने मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी बोर्डाकडे बघितलं. तिचं ऐकलं नाही. ते तर तुमच्या नियमात नव्हतं ना?"

त्याने मला चहा पाजला आणि बसपर्यंत सोडायला आला. माझ्यावर रागावला असता तर परतीचा प्रवास सोपा गेला असता.

त्या आठवड्यात देचम्माने नाडी शून्य वर्गातून काढून पहिल्या वर्गाच्या रांगेत उभी केली. पहिल्याच दिवशी भोंगा एकतीस वेळा वाजला. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस वेळा. प्रत्येक वेळी खरंच काहीतरी अडकलेलं होतं. तिने संचालकांना यादी दिली, पहिला वर्ग रिकामा करा म्हणाली. त्यांनी खातेप्रमुखांची बैठक घेतली. कुणीही खाली उतरायला तयार झालं नाही. रुद्रेश एकटा म्हणाला की मी उतरतो, तर त्याच्या साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं.

शनिवारी तिचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. जेवलात का विचारलं. मी भात-सारू केला होता असं सांगितलं.

"सर, ऑपरेटर लोक वैतागलेत," ती म्हणाली. "दोघांनी राजीनामा दिला. संचालक म्हणतात, वर्गांचं काहीतरी करू, पण तोपर्यंत भोंगा थांबवा."

मी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं.

"नाडी परत वर ठेवावी लागली, सर. आज सकाळी मीच ठेवली. तात्पुरती."

"किती दिवस?" मी विचारलं.

तिच्या मागे खोलीतली मशीनं घुमत होती, तो आवाज मला ओळखीचा होता.

"एक महिना," देचम्मा म्हणाली.